नवरदेवाच्या गाडीमांगची ट्रॉली

अनुप : थांबवा मामा! गाडी थांबवा. थे माहे सासरे आहेत.

गोविंदा : कुठं? थो ट्रॅक्टरखाली घुसेल, बनियनवाला?

अनुप : थेच. देवमन बाबा. रूपाचे वडील.

गोविंदा : अबे, आज पोरीचं लगन अन् हा मानूस रोडवर ऑइलात लोळून राह्यला? काच खाली नको करू, एसी जाते. अन् तू उतरू नको, पांढरा कुर्ता आहे तुहा... उतरला. उतरलाच हा!

अनुप : जय भीम, बाबा. काय झालं?

देवमन : अरे बाप्पा! जवाईबापू! तुमी कायले उतरले? जा, जा तुमी. तिकडं हॉलवर सारे वाट पाहून राह्यले असतीन. माह्याकडं पाहू नका आता, मी हा असा... हात बी काळे आहेत माहे.

अनुप : ट्रॅक्टर बंद पडला?

देवमन : आमच्या गावच्या फाट्यापासूनच घरघर करत होता. इथं आला अन् बसला. ड्रायव्हर सकाळपासून फोन उचलत नाही, म्हनून मीच घेऊन निंगालो. म्हनलं, शेलूबाजारले हॉलवर लवकर पोचतो, अंगावर पानी घेतो, नवे कपडे घालतो, कोनाले समजत बी नाही. होते काय काही आपल्या मनासारखं?

अनुप : अन् ट्रॉलीत काय आहे? एवढी ताडपत्री झाकून?

देवमन : काही नाही. असंच. सामान आहे.

गोविंदा : सामान? देवमनभाऊ, सामानाले फोडनीचा वास येते काय?

देवमन : जय भीम, मामाजी. तुमी बी आले काय गाडीत...

गोविंदा : माही गाडी, तं मीच येईन ना! नवीकोरी आहे. कोनाच्याच हातात देत नाही मी. ह्या भाच्याले नवरदेव म्हनून बसवला, थे बी वाशीमहून इथलोक तीनदा सांगून, का दाराच्या काचीले हात लावू नको, बोटं उमटते. बोला, काय आहे ताडपत्रीखाली?

देवमन : जेवन आहे.

गोविंदा : कोनाचं?

देवमन : लग्नाचं. वऱ्हाडाचं. वरण, भात, वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी. सारंच ह्यात आहे.

गोविंदा : हॉलवर केटरर येनार होता ना? साक्षगंधाच्या दिवशी, सोयरीक पक्की झाली तवा, तुमी तोंडानं बोलले होते मले. चांगला केटरर लावतो मामाजी, काळजी करू नका, असं.

देवमन : बोललो होतो.

गोविंदा : मंग?

अनुप : मामा, हे आता उन्हात उभं राहून...

गोविंदा : तू थांब. मंग, देवमनभाऊ?

देवमन : सांगतो. खोटं नाही बोलत. केटररले हो म्हनूनच आलो होतो मी. पन गावात समजलं अन् साऱ्या बाया घरावर आल्या. आमची रूपा दवाखान्याची आशा वर्कर आहे ना गावची. त्याईतल्या कितीतरी जनीईले बाळंतपनाले थेच घेऊन गेली. पानी पडो का ऊन तपो, जीप मिळो का न मिळो. कस्तुराबाई तं दारात फतकल मारून बसली. म्हने, माहा नातू आडवा आला होता तवा हे पोरगी माह्या सुनेचा हात धरून बसली होती, अन् तिच्या लग्नात कोनी परका येऊन रांधीन? मंग आमी कायले आहो? मले नाही म्हनता नाही आलं, मामाजी. पहाटपासून सारं गाव चुलीपुढं होतं.

गोविंदा : अन् मले कोनी सांगतलं नाही.

देवमन : भेव वाटलं.

गोविंदा : माहं? मी काय वाघ आहो?

देवमन : साक्षगंधाले तुमी ताट सरकवलं होतं.

गोविंदा : मी?

देवमन : पुऱ्या थंड्या आहेत म्हनून. साऱ्या पाव्हन्याईच्या समोर. तुमच्या ध्यानात बी नसन. पन थ्या पुऱ्या विमलनं, रूपाच्या मायनं, लाटल्या होत्या. तुमी गेल्यावर जेवली नाही थे. म्हने, आपलं लेकरू ज्या घरी जाऊन राह्यलं, थ्या घराले आपल्या हातचं चालत नाही. तिले मी बोललो होतो, लग्नात पाहू, वाफ निंगत असतानी मामाजीच्या ताटात वाढू. थेवढ्यासाठी घाई केली. अन् आता पाहा. वरण थंडं होऊन राह्यलं अन् मी इथं पाना घेऊन बसलो.

अनुप : मामा, तुमी तिकडं कुठं चालले?

गोविंदा : सावलीत. ऊन लागून राह्यलं.

अनुप : बाबा, गावातला दुसरा ट्रॅक्टर?

देवमन : लखमाले फोन केला. थो मंगरूळले गेला, यायले बराच टाइम लागीन म्हने. थेवढ्यात माहा फोन बी बंद पडला. जीपा साऱ्या वऱ्हाड घेऊन पुढं गेल्या. तुमी निंगा जवाईबापू. काहीतरी होईन. न होऊन कसं चालीन?

अनुप : आपली गाडी आहे ना.

गोविंदा : नाही.

अनुप : मी तं अजून काही बोललोच नाही, मामा.

गोविंदा : तुह्या तोंडावर दिसून राह्यलं. एवढे मोठे वरण-भाजीचे गंज दारातून जात नाही, अन् सीट पांढऱ्या आहेत माह्या.

अनुप : गंज गाडीत नाही ठेवायचे. ट्रॉली लावू मांगं. लहान ट्रॉली आहे, उचलीन गाडी.

गोविंदा : ट्रॉली? ह्या गाडीले? लेका, ह्या गाडीत बसायच्या आधी मी तुह्या बापाले चप्पल झटकायले लावली!

अनुप : मांगं हूक आहे ना तुमच्या. अकोल्याहून लावून आनला होता, साऱ्या मोहल्ल्याले दाखवत होते.

गोविंदा : शोभेसाठी लावला थो.

अनुप : पिन बी आहे त्याले.

गोविंदा : पिन बी शोभेचीच आहे!

देवमन : नाही, नाही जवाईबापू. नवरदेवाच्या गाडीले ट्रॉली? लोकं काय म्हनतीन? पुढं फुलं लावेल गाडी अन् मांगं वांग्याची भाजी. माही इज्जत तं गेली, तुमची कायले घालवता?

अनुप : बाबा, मी लाईनमन आहो. भर चौकात खांबावर चढतो, खालून साऱ्या गावच्या शिव्या खातो. मले लोकाईचं काय सांगता? मामा, मी इथंच बसतो ट्रॉलीच्या चाकापाशी. भंतेजीले इकडंच बोलवा. लगन इथंच लावा.

गोविंदा : धमकी देते मले! अशीच तुही माय. लहानपनापासून अशीच अडून बसे. ऊठ, कुर्ता खराब होते... ऊठ म्हनतो ना. पाहू दे थो हूक.

अनुप : लावू?

गोविंदा : आधी पाहू तं दे! गाडी मांगं घेतो मी. हात दाखव. ये, ये, ये... बस. बंपरपासून दूर ठेवजो थे लोखंड. आता दांडी उचला दोघं. देवमनभाऊ, तिकडून धरा. हां. गेली पिन?

देवमन : गेली, मामाजी.

गोविंदा : गेली, पन ढिली आहे. भोक मोठं अन् पिन बारीक. अशीच नेली तं गचके बसतीन. पह्यल्याच खड्ड्यात तुमचं वरण रोडवर. काहीतरी कोंबा लागते मधात. चिंधी-गिंधी आहे काय?

देवमन : माहा गमछा होता, थो ऑइलानं पूरा भिजला. घसरीन.

अनुप : माहा फेटा घ्या.

देवमन : अरे नाही!

गोविंदा : खबरदार! नवरदेवाचा फेटा सोडते काय कोनी? येडा झाला काय बे तू?... हे धर. माहा घे.

अनुप : मामा, हा बांधायसाठी तुमी सकाळी खास मानूस बोलावला होता. आरशापुढून उठत नव्हते.

गोविंदा : चूप. पीळ दे त्याले. आनखी दे. आता गुंडाळ पिनीभोवती अन् वरून घट्ट गाठ मार. हां, असं. आता हलवून पाहा.

देवमन : नाही हलत, मामाजी. तुमचा फेटा मातर गेला.

गोविंदा : जाऊ द्या. टक्कल दिसन लोकाईले, दुसरं काय? चला, तुमी पुढं बसा माह्यासंगं.

देवमन : मी? असा काळा? नाही जी. अन् गंज धरा लागते कोनालेतरी. झाकनं हलतीन.

अनुप : वरणाचा अन् भाजीचा, दोन गंज आहेत, एकट्यानं कसे धरसान? मी बी ट्रॉलीत येतो.

गोविंदा : अन् गाडीत कोन? नवरदेवाची गाडी रिकामी जाईन काय?

अनुप : फुलं आहेत ना.

गोविंदा : बसा. दोघं बी बसा! मीच एकटा शहाना गाडीत. अन् सांडलं तं आवाज द्या.

(गाडी हळूहळू निघते. मागे ट्रॉलीत दोघे एकेक गंज कवेत धरून बसले आहेत.)

देवमन : हळू चालवा म्हना मामाजीले.

अनुप : याहून हळू गेले तं शेळ्या पुढं जातीन आपल्या, बाबा.

गोविंदा : सांडलं काय?

अनुप : नाही, मामा! पुढं पाहा तुमी!

देवमन : कुर्त्यावर डाग पडला तुमच्या. वरणाचा.

अनुप : पडू द्या. तुमी काही खाल्लं काय सकाळपासून?

देवमन : पोरीचा बाप कुठं जेवते आज? तुमच्याकडचे सारे जेवून उठले, का मंग आमी. फोन वाजून राह्यला तुमचा.

अनुप : रूपा आहे. थांबा, स्पीकरवर टाकतो, हात मोकळा नाही... हां, बोल.

रूपा : कुठं आहा तुमी? सारे आले अन् नवरदेवच नाही. पळून गेले काय?

अनुप : तुह्या बाबासंगं आहो.

रूपा : बाबासंगं? अवं माय! इथं आई रडून राह्यली. बाबाचा फोन लागत नाही, जेवन आलं नाही, कोनाले काय सांगू म्हनते. अन् हा खडखड आवाज कायचा?

अनुप : ट्रॉलीचा. मी ट्रॉलीत आहो, वरणाचा गंज धरून. ट्रॅक्टर बंद पडला बाबाचा.

रूपा : मंग ट्रॉली कोन ओढून राह्यलं?

अनुप : गोविंदा मामाची गाडी.

रूपा : कोनती? ज्या गाडीपाशी लेकराईले उभं राहू देत नाही, थे?

अनुप : थेच.

रूपा : खोटं नका बोलू आज तरी.

देवमन : खरं आहे, बाई.

रूपा : बाबा? तुमी ठीक आहा ना? खाल्लं काय काही?

देवमन : हो. खाल्लं.

रूपा : बाबा.

देवमन : नाही खाल्लं. पन तू अशा आवाजानं नको बोलू आता. मले रडू येते अन् डोळे पुसता नाही येत. हात काळे आहेत, अन् हातात गंज आहे.

रूपा : या तुमी लवकर. मी दारातच उभी आहो. नवरी बाहेर काहून आली म्हनतीन, तं म्हनू दे.

गोविंदा : सांडलं काय?

अनुप : नाही सांडलं! हॉल आला, मामा!

गोविंदा : दिसून राह्यला मले. बँडवाले वाजवून राह्यले अन् लोकं माह्या काचीले नाक लावून नवरदेव धुंडून राह्यले. साऱ्या काचा खराब!

देवमन : मामाजी, आयका ना. मांगच्या दारानं घ्या. तिकडून भांडे उतरवू. कोनी पाहनार नाही.

गोविंदा : मांगच्या दारानं कायले? चोरीचं आहे काय? ए, सरका बे! गेट पूरं उघडा. पूरं! मांगं वरण आहे! काय म्हनता? नवरदेव? थो बी मांगंच आहे, वरणाजवळ. अन् हसू नका. फेटा कुठं गेला काय विचारता, जेवा म्हंजे समजन!

अनुप : मामा, तुमी इकडं कायले चढून राह्यले? पडसान.

गोविंदा : सरक. देवमनभाऊ, एक वाटी द्या वरण.

देवमन : इथं? ट्रॉलीत? लगन तं लागू द्या, मामाजी. पंगत बसन, पान वाढू, मंग...

गोविंदा : द्या म्हनतो ना.

देवमन : घ्या. थंडं झालं असन. तासभर रोडवर होतं. थंडं झालं ना, मामाजी?

गोविंदा : गरम आहे.

अनुप : मामा, सारी वाट हात ठेवून होतो मी गंजावर. थे तं पूरं...

गोविंदा : तू चूप बस बे. देवमनभाऊ, गरम आहे. आनखी वाढा. अन् रूपाच्या मायले जाऊन सांगा, मामानं दुसऱ्यांदा मागितलं म्हना.