बाईंचा उजवा हात

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टर राही करमरकर, आणि खेड-पोफळीपासून एसटीने इथे चिपळूणला आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी बाईंच्या दवाखान्यात मायक्रोस्कोपवर काम करतो. शाळा सातवीत सुटली, काचपट्टी वाचायला माझा मी शिकलो, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या मनगटाला दुखापत झाल्याचे सांगितले. मनगट नव्हे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट. तपशील नीट असावा, कारण त्या बोटांपायीच बाई वेळेआधी निवृत्त होत आहेत.

पहिल्या रांगेत धाकू बसला आहे. त्याच्या गावी देवीच्या पालखीला पहिला खांदा देणाऱ्याने तंबाखूला शिवायचे नाही, अशी देवळात शपथ असते. धाकूने ती पाळली. तरी त्याला टॉन्सिलचा कॅन्सर झाला, मानेत लिंबाएवढी गाठ आली. असली गाठ तंबाखूचीच, हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगते. म्हणून हा गडी ती टॉवेलाखाली लपवत राहिला. बाईंनी ऑपरेशनसाठी दिलेली तारीखही त्याने चुकवली.

त्याच्या घशातून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यातल्या काही पेशींत केंद्रकाभोवती मला पांढरे, मोकळे वलय दिसले होते. चामखिळीत दिसते तसे. बाईंनी परदेशी मासिक उघडून दाखवले. चामखीळ आणणाऱ्या विषाणूचे भाऊबंद तोंडाच्या, घशाच्या काही कॅन्सरांत सापडू लागले आहेत. सिद्ध झाले आहे का? नाही. मी मुद्दाम सांगतो, नाही.

सत्त्याऐंशीच्या शिमग्यात बाई त्याला न्यायला थेट गावात गेल्या. मी बरोबर होतो. पालखी नाचत होती, आणि नाचता नाचता धाकूचा टॉवेल गळून पडला.

पालखी खाली टेकली. त्याचा सख्खा मोठा भाऊ दादू पुढे आला. देवीचा खांदा बाटवलास म्हणाला आणि काठी सरळ तोंडावर घातली. जांभ्यावर दात पडले.

"मी खाल्ली नाय रं, दादा."

पुढची काठी बरगड्यांवर बसली. मग सगळेच तुटून पडले. लाथा, दगड, जे हाती लागेल ते. होमात घाला म्हणून कोणीतरी ओरडले आणि त्याला पायाला धरून निखाऱ्यांकडे ओढत नेले. केस जळाल्याचा वास सुटला. मंडळी, रक्त मी रोज पाहतो, काचेवरचे. जमिनीवरचे ऊन असते, तळव्याला चिकटते.

दादूने नेमकी गाठीवर काठी उगारली. बाईंनी मध्ये हात घातला. ढोल वाजत होते, तरी हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

बाई ओरडल्या नाहीत. "बोटं मोडलीस ना? आता याचा गळा कापायचा कोणी? तू?"

ढोल थांबले. दादू म्हणाला, "त्यानं खाल्ली नाय कशावरून?"

"रोग कशानं झाला ते मला पक्कं ठाऊक नाही. एखादा विषाणू असेल. पण हा खोटं बोलत नाही. मरणाच्या दारात मला काय फसवील?"

ते 'ठाऊक नाही' ऐकून दादूच्या हातातली काठी गळाली. बोटे मोडलेली असताना कोण एवढे खरे बोलते? त्यानेच भावाला पाठीवर घेऊन रस्ता गाठला. ऑपरेशन मुंबईला झाले, बाईंच्या गुरूंच्या हातून. यंदाच्या शिमग्यात पहिला खांदा पुन्हा धाकूचा होता. फक्त डावा, कारण उजव्या बाजूची मान पोखरली आहे.

बाईंच्या हातात मात्र ऑपरेशनची सुरी पुन्हा स्थिर राहिली नाही.

आता थोडे कार्यक्रमाविषयी. शाल अध्यक्ष महोदय घालतील. नारळ मात्र, बाईंची इच्छा आहे, दादूच्या हातून. दादू, दाराशी उभा आहेस तो पुढे ये. लोकांनी वाट द्यावी.

सर्वांनी शांतपणे ऐकलेत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल तर पोटात घाला. आणखी एक. बाई नारळ डाव्या हाताने घेतील. हे रीतीला धरून नाही, मला कळते. पण उजव्याची मूठ मिटत नाही. तेवढी चूक त्यांना माफ असावी.