पिंडाकास आणि वरीचे तांदूळ

डच माणसाला एकादशीला जेवायला बोलवू नये, हे मी अनुभवाने सांगतो.

यान आमचा ऑफिसातला साहेब. रविवारी इथे परदेशात, वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटवर जेवायला आला, आणि पुण्याहून आलेल्या आईसाठी खास त्यांच्याकडच्या पीनट बटरची बाटली घेऊन आला. उपवासाला दाणे चालतात, हे मीच त्याला सांगून ठेवलं होतं.

आईने मला विचारलं, "काय लिहिलंय रे यावर?"

मी यानला विचारलं. तो म्हणाला, "पिंडाकास. पिंडा म्हणजे शेंगदाणा, कास म्हणजे चीज."

मी भाषांतर केल्याबरोबर आईने बाटली लांब सरकवली. "चीज? आज नको बाई!"

यान घाबरला. "चीज अजिबात नाहीये त्यात! बटर हे नाव फक्त खऱ्या बटरलाच द्यायचं, असा आमच्याकडे कायदा होता. म्हणून याला चीज म्हणायला लागले."

आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "लोणी नाही म्हणून लोणी म्हणायचं नाही, आणि चीज नसताना खुशाल चीज म्हणायचं? धन्य आहेत!"

मी हे जरा मवाळ करून सांगितलं. यान बिचारा पानाकडे वळला आणि थबकला. "उपवासाला भात चालत नाही ना? मग हे काय?"

"वरीचे तांदूळ."

"म्हणजे तांदूळच."

"छे, तांदूळ नाहीत. वरी वेगळी."

"मग तांदूळ का म्हणता?"

मी आईला विचारलं. तिने यानच्या पानात दाण्याची आमटी वाढली आणि म्हणाली, "त्याला सांग, आमच्यात जेवताना बोलत नाहीत."