नानांचा संध्याकाळचा ताप

तुम्ही हसाल, पण मला संशय आला तो नानांच्या तापावरूनच. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आम्ही पाळतो. यंदा घरातल्या सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि देवाला शब्द दिला, ईस्टरपर्यंत टीव्ही बंद, मोबाइलवरचे सिनेमेही बंद. टीव्हीवर चादर घातली ती आमच्या ह्यांनीच.

आठवडा झाला नाही तोच देवपुरातले आमचे शेजारी नाना आजारी पडले. हे रोज संध्याकाळी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला जाऊ लागले. एरवी माझं डोकं दुखलं तर नुसती गोळी दाखवणारा माणूस! पेपरात क्रिकेटचं वेळापत्रक बघितलं, तर नानांचा ताप बरोबर मॅचच्या वेळी चढायचा. मॅच नसली की नाना ठणठणीत, ओट्यावर शेंगा खात बसलेले.

परवा मी खिचडीचा डबा घेऊन न सांगताच गेले. दारातून हाक मारली, तर आतला आवाज एकदम बंद. नाना गोधडीत. ह्यांचा हात त्यांच्या कपाळावर, डोळे गच्च मिटलेले.

“कसं वाटतंय, नाना?”

“भाऊ उना का बठ्ठा ताप उतरी जास, ताई.” म्हणजे हे आले की सगळा ताप उतरतो म्हणे.

मी नानांच्या कपाळाला हात लावला. गार. मग सरळ टीव्हीच्या पाठीला लावला. चांगलीच तापलेली.

ह्यांनी हळूच एक डोळा उघडला.

“अहो,” मी म्हटलं, “हात चुकीच्या पेशंटवर ठेवलाय. ताप ह्याला आहे.”