कसलाबी आकडा सांगा

...न्हाय, पण मला सांगा पावणं, माणसाला साधा एक आकडा मागितला तर त्यात मुहूर्त कशाला बघायचा? कसलाबी आकडा सांगा म्हटलं की, कसलाबी!

तुम्हास्नी सांगतो, यंदा, म्हंजे शहाऐंशी साली, आमच्या कॉलेजात एकुलता एक कॉम्प्युटर आला, आणि मी, गणिताचा कृष्णात मास्तर, त्याला बुद्धिबळ शिकवायला बसलो. प्रिन्सिपॉल म्हणाले, "गॅदरिंगला लालासाब टेलरशी खेळवा, गावात बुद्धिबळाला त्याच्यावर कोण न्हाय. बरं खेळलं तर तुमच्याकडं ऱ्हाऊ दे, न्हायतर उचलून हापिसात, रिझल्ट छापायला!" झालं, माझा जीव टांगणीला!

आता कुठला मोहरा कुठल्या घरात, त्या प्रत्येकाला एकेक आकडा द्यायचा. सातशे अडुसष्ट आकडे! त्यांची मिसळ करून आख्ख्या पटाची एक खूण बनवायची, म्हंजे बघितलेला डाव मशीन वळखतंय. पण आकडे पाहिजेत वाट्टेल तसले, एकाचा दुसऱ्याला मेळ नसलेले. मशीन स्वतः काढतंय की, पण रोज चालू केलं की तीच यादी, पाढ्यागत! म्हटलं, त्यापरीस माणसं बरी... झक मारली!

आकाराम पैलवान छाती काढून, "लिवा, एकशे एक!" पोस्टमन, "एकशे एक!" बायडाबाईकडं भाजी घेताना म्हटलं, मावशी, कसलाबी सांगा. "एकवीस." दुसरा? "एक्कावन्न." अवो, तेरा सांगा, अठ्ठेचाळीस सांगा! तर कोथिंबिरीची जुडी उगारून, "लेकीचं लगीन ठरतंय, आणि असलं वंगाळ बोलाय लावतासा व्हय वो सर?" अगं बाई, कसलाबी म्हटलं की, कसलाबी!

गॅदरिंग उद्यावर आलतं. लोकांनी सांगितलेले आकडे दिले तसेच मशीनमधी ठोकून.

लालासाबनं घोडा हलवला. मशीनच्या लेखी तिथला घोडा एकशे एक, आणि कोपऱ्यातला हत्तीबी एकशे एक! "हा डाव बघितलाय की," म्हणून पठ्ठ्यानं वजीर नेऊन प्याद्याच्या तोंडात दिला! लालासाब चष्म्यावरनं हळूच, "सर, चुकून हलला काय? घ्या माघारी, मी बघितलं न्हाय." अरं, समोरच्यालाच दया आली की माझी!

मशीन गेलं हापिसात. तिथं बाळासो क्लार्क दोन बोटांनी बडवतोय. काल निकाल लागला... एका पोराला शंभरात तीनशे सत्तेचाळीस, दुसऱ्याला उणे अठ्ठावीस, तिसऱ्याला नऊ हजार सहा! कशाचा कशाला मेळ न्हाय!

आता काय... वही घेऊन बसलोय त्याच्या शेजारी, उतरून घेतोय.