बूच सैल की घट्ट

नाही हो, अक्षर माझंच आहे. पाककृती सासूबाईंच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या सांगायच्या आणि मी उतरवून घ्यायचे. पण वही कुणासाठी? थोरल्या जाऊबाईंसाठी. स्वयंपाकघर थोरलीचं, वही थोरलीची, आणि मी कोण, तर लिहिणारी. लग्न होऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, मग काय, बस लिहीत. हे मनुकांचं पेय बघा. सासूबाई म्हणाल्या होत्या, बूच सैल ठेवायचं. मी काय लिहिलं? घट्ट. पाहुणे जेवायला बसले आणि कोठीत बाटल्या फुटल्या – एकामागून एक, फटाफट. सासूबाई सगळ्यांदेखत जाऊबाईंना म्हणाल्या, "वाचता येतं ना तुला?" ती बिचारी वहीवर बोट ठेवून दाखवत होती, पण सासूबाईंना कुठे वाचता येत होतं – त्यांनी वही माझ्याकडे दिली. मी वाचलं, "बूच सैल ठेवावे." अगदी स्पष्ट वाचलं.

हसताय ना? मीही हसले होते. पुढचं पान? ते खोकल्याचं औषध – खसखशीच्या बोंडांचा काढा. लहान मुलाला पाच थेंब. तुम्हाला काय दिसतंय? चमचे. हो, चमचेच लिहिलंय. खोडायचं होतं मला, खरंच, राहून गेलं. जाऊबाईंचा मुलगा दीड वर्षाचा, खोकून खोकून बेजार झालेला. मी दारातच उभी होते. ती मोठ्याने मोजत होती – एक, दोन, तीन. मध्येच थांबून माझ्याकडे बघून म्हणाली, "जास्त नाही ना होत गं?" मी म्हटलं, "वहीत आहे तेच द्या."

जगला. दोन दिवसांनी डोळे उघडले, पण बोलला नाही कधी. वही पुन्हा मीच वाचून दाखवली – "पाच थेंब." जाऊबाईंना माहेरी धाडलं – पोटच्या पोराला विष घातलं म्हणून – आणि मूल ठेवून घेतलं. ती फाटकाशी येऊन उभी राहायची, वर्षभर आली, मग येईनाशी झाली. पोराला मी वाढवलं. बेचाळीस वर्षांचा आहे आता, आत बसलाय, माझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नाही. आई म्हणता येत नाही त्याला, पण ओळखतो मलाच.

पेन का खाली ठेवलंत? जुन्या पाककृती हव्यात म्हणून तुम्हीच आलात ना? द्या ती वही इकडे. त्याची जेवायची वेळ झालीय, आणि परकं माणूस दिसलं की तो जेवत नाही. जाताना दार ओढून घ्या.