उकिडवेकाकांचे इयरफोन

हं, मंडळी! पाणी पिऊन झालं? मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? छान! आता आख्यानाला बसायचं ते सावरून बसायचं. आधी एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर मनातल्या मनात द्या. आपण एखाद्याचं ऐकलं, हे ठरवायचं कुणी? ज्यानं ऐकलं त्यानं, की जो बोलला त्यानं?

सोपं वाटतंय? काका, तुम्ही लगेच मान हलवलीत! थांबा. घरी काकूंना विचारून मग हलवा!

तर ऐका. गुहागरला एक गृहस्थ होते, प्रभंजन उकिडवे. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. काम काय? लाइन तपासायची! तक्रार आली की हे लाइनवर जायचे, कानाला रिसीव्हर लावायचे — ‘हॅलो, आवाज येतोय? स्वच्छ येतोय? ठीक!’ — की ठेवलाच फोन! आणि त्या खात्याची एक रीत होती बरं का. लाइनवर दोन माणसं बोलत असली, तर आवाज तपासायचा आणि बाजूला व्हायचं. कोण काय बोलतंय ते ऐकायचं नाही, मध्ये तर बोलायचंच नाही! काकांनी ही रीत जन्मभर पाळली. गावातली किती लग्नं त्या तारांवरून ठरली आणि किती मोडली, काकांना पत्ता नाही! असा सज्जन माणूस.

निवृत्त झाले आणि काकांना नाद लागला. कसला? गाण्याचा म्हणाल, तर नाही! इयरफोनचा! कानात घालायचे ते इवले इयरफोन. पण साधे नव्हेत हो, एकदम भारी! एकेका कानात चार-पाच बारीक स्पीकर बसवलेले, वायर कानामागून वळवून घ्यायची. किंमत विचारू नका. सांगितली तर पुढच्या रांगेतल्या अण्णांना इथेच झोपवावं लागेल!

काका निवडायला पुण्याला गेले. दुकानात खुर्चीवर बसले, एक जोडी कानात घातली, गाणं लावलं. तानपुरा सुरू झाला, गायकानं ‘आ’ केला, की काका म्हणाले, ‘ठीक! दुसरी द्या.’ दुसरी घातली. ‘हिचा बास जास्त. तिसरी द्या.’ दुकानदार पोरगी मोठी गोड होती. म्हणाली, ‘काका, एखादं गाणं पूर्ण तरी ऐका ना!’

‘कशाला? आवाज येतोय की!’

अहो, हसताय काय? खरं सांगा, हे फक्त उकिडवेकाकाच करतात?

शेवटी एक जोडी पसंत पडली. तबल्याचा डग्गा वेगळा, चाट वेगळी, सारंगी डावीकडे, पेटी उजवीकडे! काका खूश होऊन घरी आले.

आता घरी कोण? मालिनीकाकू! काकू भजनी मंडळात जायच्या. मागच्या रांगेत बसायच्या, टाळ वाजवायच्या, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळायच्या. एकटीनं कधी गायल्या नाहीत. पण त्या वर्षी देवीच्या उत्सवात मंडळाच्या प्रमुख सुनीतीताई म्हणाल्या, ‘मालिनीबाई, शेवटच्या दिवशीची गौळण तुम्ही एकटीनं म्हणायची. विचार करा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत मला सांगा.’

 काकूंना म्हणायची तर फार इच्छा, पण धीर होईना. मग त्यांनी काय केलं? स्वयंपाकघरात ओट्याला मोबाइल टेकवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, पंखा लावला, पदर खोचला आणि गौळण म्हणून टाकली! रविवारी सकाळी तो फोन काकांसमोर ठेवला.

‘अहो, तुम्हाला आवाजातलं कळतं. एवढं ऐका आणि सांगा. तुम्ही हो म्हणालात तर गाते. नाहीतर सुनीतीताईंना नाही म्हणून कळवते.’

मंडळी, हा प्रश्न आवाजाचा होता का हो? अहो, बाई सबंध आयुष्य मागच्या रांगेत बसलेली! ती विचारत होती, मी पुढे येऊ का?

काकांनी नवे इयरफोन चढवले. रेकॉर्डिंगमध्ये काकूंनी गळा साफ केला, पहिली ओळ सुरू केली — आणि काकांनी बंद केलं!

‘लाइन स्वच्छ आहे. फक्त डाव्या बाजूला पंख्याची घरघर येतेय. बाकी ठीक!’

काकूंनी मोबाइल तिथेच राहू दिला. मग म्हणाल्या, ‘बरं.’

बस, एवढंच! ज्यांच्या घरात हा असा ‘बरं’ ऐकू येतो, त्यांनी सावध व्हावं! आमचे पेटीवाले बघा, सूर सोडून कपाळाचा घाम पुसायला लागले!

काका मात्र आपल्या नादात. जेवण झालं, दुपार झाली. इयरफोनबरोबर रबरी टोप्यांची डबी आली होती, लहान, मोठ्या, स्पंजच्या. कानात नीट बसली नाही टोपी, तर बास सगळा बाहेर गळतो. म्हणून काका एकेक टोपी लावून बघायला लागले. पण तपासायला गाणं कुठलं घ्यावं? तर म्हणाले, ‘वा! मालिनीचं रेकॉर्डिंग! त्यातली पंख्याची घरघर तपासायला उत्तम!’

धन्य, धन्य! बायको गातेय आणि हा माणूस पंखा ऐकतोय!

लहान टोपी लावली, ढिली. मोठी लावली, कान दुखला. मग स्पंजची चिमटीत दाबून घातली, ती आत हळूहळू फुलली, आणि एकदम सगळं शांत! रस्ता बंद, शेजारचा टीव्ही बंद, कुकर बंद. इतकं सुख वाटलं की काका खुर्चीत मागे रेलले आणि गाणं बंद करायचं विसरले!

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. वरच्या सुरावर जायच्या आधी काकूंनी श्वास घेतला, तो ऐकू आला. ओट्यावर बांगडी टेकली, ती ऐकू आली. आणि मग तो सूर लागला! काका ताठ बसले. इतकी वर्षं शेजारी असलेली बाई, आणि हा सूर कुठे होता? स्वयंपाकघरात होता! कुणी शेवटपर्यंत थांबलं नव्हतं, एवढंच.

गौळण संपली. फोन चालूच होता. जरा वेळ नुसता पंखा, आणि मग अगदी हलक्या आवाजात काकू स्वतःशीच हसल्या. म्हणाल्या, ‘जमलं की गं मालिनी!’

साध्या इयरफोनमध्ये ते ऐकू आलं नसतं हो! भारी वस्तूचं हे देणं खरं. मी तिला नावं ठेवणार नाही. पण काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या आनंदानं तिनं आपल्यापुढे फोन ठेवला, आणि आपण तिला काय दिलं? पंखा!

काका उठले, इयरफोन काढले आणि आत धावले. तर काकू घरच्या जुन्या फोनवर! ‘सुनीतीताई, मला काही जमायचं नाही हो. दुसऱ्या कुणाला…’

दोन माणसं लाइनवर बोलतायत. आयुष्यभराची रीत आठवा! मध्ये बोलायचं नाही!

काकांनी रिसीव्हरच ओढून घेतला. ‘सुनीतीताई, मी उकिडवे. मध्ये बोलतोय, माफ करा. ती गाणार आहे!’

‘अहो, हे काय करताय?’ काकू ओरडल्या.

‘आधी बस इथे.’

काकांनी डबीतली सगळ्यात लहान टोपी काढली. काकूंचा कान लहान! वायर कानामागून नीट वळवली, बट बाजूला केली, आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. काकूंनी डोळे मिटले. शेवटचं ते हसू कानावर आलं, तशा लाजून लाल झाल्या.

‘हे पण ऐकलंत?’

‘हेच ऐकलं,’ काका म्हणाले. ‘सकाळी मी काहीच ऐकलं नव्हतं गं. चुकलो.’

उत्सवात काकू पुढे बसून गायल्या. कशा गायल्या? एका ठिकाणी सूर जरा हलला. पण ज्या माणसानं आपलं ऐकावं असं वाटत होतं, तो समोर बसून शेवटपर्यंत ऐकत होता. बाईला आणखी काय हवं?

तर मंडळी, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं? काकांचं मत विचाराल, तर सकाळीच त्यांचं ऐकून झालं होतं! काकूंना विचारा! ऐकलं की नाही, हे बोलणाऱ्यानंच सांगायचं.

आणि आता तुमच्याकडे वळते! पोरगं शाळेतून येऊन सांगतं, तेव्हा तुम्ही काय करता? ‘हं, हं, हात धू.’ सासूबाई गुडघ्याचं सांगतात, ‘हं, गोळी घ्या.’ लाइन तपासली, ठेवला फोन! अहो, माणसाचं बोलणं संपलं, तरी जरा थांबा. मनातलं खरं ते पुष्कळदा त्या थांबण्यात बाहेर पडतं. देवाचंही आपण असंच करतो. हात जोडले, मागणं मागितलं, की चपला शोधायला पळालो! त्याला काही सांगायचं असेल तर?

मगापासून मीच बोलतेय. आता पेटी थांबवा, तबला थांबवा, माझा माइकही बंद करा. गजर तुम्ही म्हणायचा. मी इथे बसते आणि ऐकते, शेवटपर्यंत. हं, बोला!