साटंलोट्यावर टॅक्स

नेकनूरच्या थांब्यावर बाकावर दोन मेव्हणे बसलेले. एक मांडववाला अंगद, दुसरा आश्रुबा. मधे आश्रुबाची बायको मुक्ताबाई शेंगा फोडत होती. बीडच्या एसटीचा पत्ता नव्हता.

“दाजी, नातवाच्या बारशाला मी तुमाला मांडव टाकून दिला, तुमी मला बोकड दिला. आमची तेजश्री म्हणती, त्याच्यावर बी टॅक्स बसतो.”

“कावून? पैसा कुठं हातात आला?”

“पैसा नसला तरी बाजारभावानं धरतेत म्हणं. कालिजात शिकवलंय तिला.”

“पोरगी हाय का वसुलीवाली! बोकडाचा रस्सा दोनदा मागून घेतला असंल तिनं.”

“तीनदा.”

“मंग आपलं साटंलोटं बी धरावं लागंल, दाजी,” आश्रुबा म्हणाला. “माझी बहीण तुमच्या घरी, तुमची माझ्या घरी. एकाच मांडवात अदलाबदल.”

“अन् मांडव बी माझ्याच बापाचा!”

“लावा मंग बाजारभाव. ज्याच्या घरी भारी माल आला, त्यानं टॅक्स भरायचा.”

“मंग कोनाच्या घरी आला?” मुक्ताबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“आगं, आमी आपलं गमतीनं...”

“दादा, तू सांग. न्हाईतर ह्यांना सांगू दे.”

“दाजी, एसटी आली वाटतं.”

“आली, आली! उठा!”

“ती नांदूरघाटची हाय. बसा खाली दोघं, अन् भाव सांगा.”